ढाळजेत टेकायला जागा

नमस्कार श्रोतेहो. मागच्या हिवाळ्यात वेरूळच्या वाटेवर एका हॉटेलात उतरलो होतो. लॉबीत भिंतभर वारली चित्रं, कोपऱ्यात राजस्थानी छत्री. चित्रं सुरेख होती हो, पण वारली पालघरकडची! सकाळी नाश्त्याला ब्रेड-बटर. भाकरी मागितली तर वेटर म्हणाला, "साहेब, ती स्टाफसाठी असते." मग मागच्या दाराशी स्टाफबरोबरच बसलो. तव्यावरची ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, बुक्कीनं फोडलेला कांदा. त्या मुक्कामातलं तेवढंच लक्षात राहिलंय.

आपल्या मराठवाड्यातल्या वाड्यात शिरलं की आधी ढाळज, म्हणजे दाराशीच बसायची जागा, लागते. आलागेला तिथं टेकतो, पाणी पितो, चार गोष्टी ऐकतो. हॉटेलवाल्यांनी काउंटर जरा मागं सारून अशी ढाळज केली, गावच्या म्हाताऱ्यांनाही तिथं बसू दिलं, तर पाहुण्यांसाठी वेगळा 'कल्चरल प्रोग्राम' कशाला हवा?

आता माळवदाचं. लाकडी खांब, तुळया, वर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात खोली गार, म्हणून हल्ली पुष्कळांना हौस येते. पण 30 सप्टेंबर 1993 ची पहाट आठवा. भूकंपात किल्लारी परिसरात अशाच जड छतांखाली आणि मातीत रचलेल्या दगडी भिंतींखाली हजारो माणसं गेली. त्या भिंतींना आतबाहेर दोन पदर, मधे दगडमातीची भर, पण पदर बांधून ठेवणारे आरपार दगड नव्हते. हादरा बसला आणि पदर सुटले. तेव्हा भिंत दगडी करा, पण सिमेंटात, आरपार दगड घालून, दारं-खिडक्यांवरून लोखंड घातलेला काँक्रिटचा सलग पट्टा फिरवून. आणि छतावर मातीचा ढीग नको. गारव्याला मधला चौक आहे की!

लातूर-धाराशिवकडं हॉटेल काढणार असाल तर वेळ अमावस्येला स्वयंपाकघर बंदच ठेवा. नाहीतरी कामाला कोण येणार? गावं ओस पडतात, माणसं शिवारात. एखाद्या शेतकऱ्याला आधी विचारा आणि पाहुण्यांना त्याच्या रानात न्या. कडब्याची कोप म्हणजे खोपटं, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगडांचे पांडव, पूजा झाली की पंगत. भज्जी म्हणजे मिसळीची पातळ भाजी, बाजरीचे उंडे आणि मडक्यातली आंबील. आंबील पहिल्या घोटाला आंबट लागते, तिसऱ्या घोटाला माणूस पेला पुढं करतो.

आणि हो, खोलीतल्या कार्डावर मोठ्या अक्षरांत छापा: अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. वायफायचा पासवर्ड त्याच्या खाली.