लावणीतला ताप

तळकोकणातल्या एका गावात भातलावणीच्या तोंडावर एका डॉक्टरांनी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन

मंडळी, भाताचा तरवा तयार आहे, पाऊस लागलाय, आणि अशा वेळी तुम्हाला देवळात बसवून ठेवणं म्हणजे अपराधच. म्हणून थेट मुद्द्यावर येतो. लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा तापाचा आजार, तुम्हाला नावाने माहीत आहे. जुलै ते ऑक्टोबर हा त्याचा हंगाम. तरीही माणसं दवाखान्यात उशिरा येतात, आणि त्याला मी अडाणीपणा म्हणणार नाही. लावणीचा शीण आणि या आजाराची सुरुवात, दोन्ही अंगाला सारखीच लागतात.

दिवसभर वाकून लावणी केली की संध्याकाळी पोटऱ्या भरून येतात, कंबर धरते, भिजल्यामुळे अंग कसकसतं. कोणाला होत नाही हे? मग घरातली बाई म्हणते, ‘चिखलात होते म्हणून कणकण आहे, काढा घेते नि झोपते.’ मेडिकलमधून अंगदुखीची गोळी येते. एक दिवस जातो, दोन जातात, चोंढा, म्हणजे भाताचं खाचर, अर्धा राहिलाय म्हणून तिसराही जातो.

फरक असा बघा. लेप्टोचा ताप हुडहुडी भरून एकदम चढतो, डोकं ठणकतं. शिणाने दुखणारी पोटरी चोळली, दाबली की बरं वाटतं. लेप्टोतली पोटरी हात लावू देत नाही. पावसाळ्यात तापाचा पेशंट आला की मी त्याची पोटरी अंगठ्याने हलकेच दाबून बघतो. लेप्टो असला तर पुष्कळदा माणूस पाय झटकन आखडून घेतो. दुसरी खूण डोळ्यांत. डोळे लालबुंद होतात, पण चिपडं नाहीत. डोळे आले की पापण्या चिकटतात, तसं इथे होत नाही. या खुणा प्रत्येकात दिसतील असं नाही. दिसल्या तर मात्र चोंढा तसाच टाकून यायचं.

आजार होतो लेप्टोस्पायरा नावाच्या जंतूमुळे. हा उंदराच्या मूत्रपिंडात मुक्काम करतो. उंदराला काही होत नाही, पण त्याच्या लघवीतून जंतू महिनोन्महिने बाहेर पडत राहतात. गुरं, कुत्री, डुकरं यांच्या लघवीतूनही. ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात तो आठवडेच्या आठवडे टिकतो, सुकलं की मरतो. आपल्या शरीरात शिरतो तो पायाच्या चिरांतून, चिखल्यांतून, खरचटलेल्या जागेतून, नाहीतर डोळ्या-तोंडातून. ताप येतो साधारण ५ ते १४ दिवसांनी, क्वचित महिनाभरानेही. म्हणजे लावणी आटोपून तुम्ही निवांत झालात तरी हिशेब संपलेला नसतो.

आजार नवा नाही. अडॉल्फ वाइल या जर्मन डॉक्टरने १८८६ साली त्याचं गंभीर रूप नोंदवलं, आणि १९१५ मध्ये जपानमध्ये इनाडा आणि इडो यांनी जंतू शोधला. मुंबईकरांना तो नीट कळला २६ जुलै २००५ नंतर. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, लोक कमरेएवढ्या पाण्यातून घरी गेले आणि पुढच्या दिवसांत लेप्टोचे रुग्ण वाढले. तुम्ही मात्र दर पावसाळ्यात त्याच पाण्यात उभे असता, त्याची बातमी होत नाही.

दहांपैकी नऊ जणांत आजार सौम्य राहतो. उरलेल्यांत तो रक्तवाहिन्यांना इजा करतो, मूत्रपिंड आणि यकृत बिघडवतो. फुफ्फुसात रक्तस्राव झाला तर एका दिवसात होत्याचं नव्हतं होतं. यातली फसवी गोष्ट ऐका: पहिला ताप कधीकधी चार-सहा दिवसांनी आपोआप उतरतो. माणूस भाकरी खातो, शेतात एक फेरी मारतो. मग एक-दोन दिवसांनी ताप परततो आणि सोबत कावीळ, कमी झालेली लघवी, धाप घेऊन येतो. डोळे पिवळे दिसले की आपल्याकडे पाय वळतात कावीळ उतरवणाऱ्याकडे. चुन्याच्या पाण्यात हात धुतात, पाणी पिवळं होतं, गळ्यात माळ पडते. साध्या काविळीत पथ्य-विश्रांतीने बरेचसे लोक बरे होतातच, श्रेय माळेला जातं. लेप्टोच्या काविळीला तेवढी सवड नसते. भाताच्या हंगामात ताप आणि कावीळ एकत्र दिसली की गाडी काढायची, तीही मोठ्या दवाखान्याकडे.

प्लेटलेट कमी आल्या म्हणजे डेंग्यूच, हाही एक पक्का समज. लेप्टोतही त्या घसरतात. पपईच्या पानांचा रस काढत बसण्यात दोन दिवस घालवू नका.

औषध साधं आणि स्वस्त आहे. सुरुवातीला डॉक्सीसायक्लिन, १०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, ७ दिवस. आजार वाढला असेल तर पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रियाक्झोन शिरेतून, आणि मूत्रपिंड थकलं तर काही दिवस डायलिसिस. रक्तातली जंतूविरुद्धची प्रतिपिंडं शोधणारी आयजीएम तपासणी पहिल्या चार-पाच दिवसांत बहुतेक निगेटिव्ह येते, म्हणून रिपोर्टची वाट न बघता संशयावरच औषध सुरू करावं लागतं. तो संशय डॉक्टरला यावा यासाठी तुम्ही बोलायला हवं. केसपेपर काढतानाच सांगा, ‘चिखलात काम केलंय.’ मुंबईहून लावणीपुरता आलेला चाकरमानी परत जाऊन आजारी पडला, तर तिथल्या डॉक्टरला हे सुचणार कुठून? आणि अंगदुखीच्या गोळ्या मनाने घेऊ नका. पॅरासिटामॉल ठीक, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांनी आधीच त्रासलेल्या मूत्रपिंडावर आणखी भार पडतो.

आता प्रतिबंध. पोस्टरवर लिहिलेलं असतं, गमबूट घाला. हे लिहिणारा कधी चोंढ्यात उतरलेला नसावा. चिखलात बूट रुततो, पाय वर येतो, बूट तिथेच! गोठा धुताना, गटार काढताना जरूर घाला. लावणीत त्याचा आग्रह मी धरणार नाही. जमण्यासारखं सांगतो. पायाला चीर असेल तर निदान ती भरेपर्यंत चिखलणी दुसऱ्या कोणाला करू दे. घरी आल्यावर साबणाने पाय धुऊन कोरडे करा, बोटांच्या बेचक्यांसकट. भाताची कणगी आणि गुरांचं खाद्य उंदरांपासून झाकून ठेवा.

आणि ती आठवड्याची गोळी, जी आशाताई घरी आणून देतात आणि तुमच्यातले बरेच जण फळीवर ठेवून देतात. डॉक्सीसायक्लिन २०० मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदा, चिखलात काम असेल तितके आठवडे. शंभर टक्के बचाव होत नाही, म्हणून गोळी घेऊनही ताप आला तर यायचंच.

मघाशी मागून एका काकूंनी विचारलं, या गोळीने पोटात आग पडते त्याचं काय. काकू, तुम्ही ती उपाशीपोटी, घोटभर पाण्याबरोबर घेत असाल. जेवणानंतर पेलाभर पाण्याबरोबर घ्या आणि अर्धा तास आडवं होऊ नका. गरोदर बाईने आणि ८ वर्षांखालच्या मुलांनी ही मनाने घ्यायची नाही. त्यांच्यासाठी दुसरं औषध आहे, ते आरोग्य केंद्रात विचारा. अंगावर पाजणारीनेही विचारूनच घ्यावी.