खिशातला चाकू आणि पन्नास राज्यं

मंडळी, प्रश्न साधा आहे: अमेरिकेत खिशात घडीचा चाकू बाळगता येतो का? वकिलाला असा प्रश्न विचारला की तो आधी विचारतो, कुठे उभे आहात? यात टाळाटाळ नाही. आपल्याकडे १९५९चा शस्त्र कायदा देशभर एकच. घरगुती किंवा शेतीकामाची अवजारं सोडली, तर नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पातं हत्यारांच्या यादीत जातं. इथे अमेरिकेत प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा, आणि त्यावर शहरांचे नियम. खटका दाबताच पातं बाहेर येणाऱ्या चाकूंवर (खटक्याचे चाकू) १९५८चा केंद्रीय कायदा आहे खरा, पण त्याचा रोख मुख्यतः राज्याराज्यांतल्या व्यापारावर. तुमचा खिसा तपासतं ते राज्य.

न्यूयॉर्कचं प्रकरण जरा सविस्तर सांगतो. १९५८मध्ये तिथे ‘ग्रॅव्हिटी नाइफ’वर बंदी आली. मूठ उलटी धरली की पातं आपोआप खाली घसरून अडकतं, असा जर्मन छत्रीधारी सैनिकांचा चाकू डोळ्यासमोर होता. पण व्याख्येत गुरुत्वाकर्षणासोबत झटक्याने उघडणंही आलं. झालं! पोलीस मनगटाला हिसका देऊन बघायचे. पातं उघडून अडकलं की गुन्हा. हार्डवेअरच्या दुकानात राजरोस मिळणारे चाकू, आणि पकडले जायचे सुतार, रंगारी, आचारी. एका आचाऱ्याच्या प्रकरणात तर पोलिसाला चाकू उघडायला चार-पाच हिसके द्यावे लागले होते. आता मला सांगा, पहिल्या हिसक्याला न उघडलेला चाकू पाचव्याला बेकायदा कसा होतो? मार्च २०१९मध्ये फेडरल न्यायाधीशांनी हेच धरलं: आपला चाकू कायद्यात बसतो की नाही हे मालकाला कळायला मार्ग नसेल, तर त्या प्रकरणापुरता कायदा घटनाबाह्य. त्याआधी विधिमंडळाने दोनदा ही बंदी उठवायचं विधेयक मंजूर केलं होतं आणि राज्यपालांनी दोन्ही वेळा नकाराधिकार वापरला होता. मे २०१९मध्ये शेवटी सही झाली. तरीही न्यूयॉर्क शहरात सार्वजनिक जागी चार इंच किंवा त्याहून लांब पातं चालत नाही, आणि त्याहून लहान चाकूही बाहेर दिसेल असा लटकवता येत नाही. खिशाला क्लिप लावून फिरणाऱ्यांनी हे ऐकून ठेवावं.

हडसन नदी ओलांडून न्यू जर्सीत आलात की मोजपट्टी बाजूला राहते आणि हेतू पुढे येतो. साधा चाकूसुद्धा, जवळ बाळगण्याचं कारण त्या प्रसंगाला शोभणारं नसेल, तर गुन्हा ठरू शकतो. मासे साफ करायला नेलेला चाकू तळ्याकाठी ठीक. रात्री बारच्या दारात भांडण चालू असताना तोच निघाला, तर कारण सांगता सांगता नाकी नऊ येतील.

टेक्ससची गंमत वेगळीच. मेक्सिकोविरुद्धच्या अलामोच्या लढाईत पडलेला जिम बोवी तिथला वीरपुरुष, त्याच्या नावाचा चाकू जगप्रसिद्ध, आणि तो चाकू जवळ बाळगून फिरायला त्याच राज्यात २०१७पर्यंत मनाई! आता प्रौढ माणसाला साडेपाच इंचांहून मोठं पातंही चालतं; फक्त शाळा, रुग्णालयं, प्रार्थनास्थळं, बार अशा जागा वर्ज्य. मॅसॅच्युसेट्समध्ये ऑगस्ट २०२४मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने खटक्याच्या चाकूवरची बंदी रद्द केली, कारण शस्त्र बाळगण्याच्या घटनात्मक हक्कात चाकूही येतो. शेजारच्या राज्यांना तो निकाल बांधील नाही, एवढं ध्यानात ठेवा.

ज्यांचं नागरिकत्व व्हायचंय त्यांच्यासाठी एक. त्या अर्जात शिक्षा झाली का एवढंच विचारत नाहीत, कधी अटक झाली होती का हेही विचारतात. खटला काढून टाकला असला तरी तिथे ‘हो’ लिहावं लागतं आणि सोबत न्यायालयाचे कागद जोडावे लागतात.