खोट्या जबाबाचा उपयोग

नमस्कार, श्रोतेहो. आज आपण एका चोरीचा तपास करू. कागद-पेन्सिल नको, फक्त नीट ऐका.

वाड्यातली आंब्यांची पेटी चोरीला गेली. संशयित तिघे, चोर त्यांतला एकच. सखाराम म्हणतो, "पेटी नामदेवनं नेली." नामदेव म्हणतो, "सखाराम खोटं बोलतोय." धोंडू म्हणतो, "मी नाही नेली." या तिघांत खरं बोलणारा एकच आहे. मग चोर कोण?

एकेकाला चोर धरून पडताळत गेलं, तरी उत्तर निघतं. पण मला आधी जबाब एकमेकांशी ताडून पाहायला आवडतात. सखाराम आणि नामदेव दोघेही खरे असू शकत नाहीत, आणि दोघेही खोटे असू शकत नाहीत. म्हणजे तो एकमेव खरा माणूस या दोघांतलाच. नेमका कोणता, हे कळायची गरजच नाही! उरलेला धोंडू खोटं बोलतोय हे आपोआप ठरलं. म्हणजे पेटी त्यानंच नेली.

आता अट फिरवू. समजा, तिघांत खोटं बोलणारा एकच. मग धोंडू सुटला. पण सखारामला खरा धरला तर चोर नामदेव, आणि नामदेवला खरा धरला तर चोर सखाराम. दोन्ही बसतं! असं कोडं अपुरं. म्हणून एक उत्तर सापडलं की लगेच थांबू नका, दुसरं कुठलं बसतंय का तेही तपासा. माझ्या मते कोडं सोडवण्यातला खरा कस इथेच लागतो.

अमेरिकेतले तर्कशास्त्रज्ञ रेमंड स्मलियन जादूचे प्रयोगही करत. 1978 साली आलेल्या त्यांच्या पुस्तकात असं एक बेट आहे, जिथले काही लोक कायम खरं बोलतात आणि बाकीचे कायम खोटं. समजा, तिथे आपल्याला दोघे भेटले. पहिला म्हणाला, "आम्ही दोघेही खोटारडे." खरं बोलणारा स्वतःला खोटारडा म्हणेल कसा? तेव्हा हा खोटारडाच, आणि त्याचं वाक्य खोटं. इथे भलेभले फसतात. 'दोघेही खोटारडे' हे खोटं, म्हणजे दोघेही खरे, असं म्हणून मोकळे होतात. पण ते वाक्य खोटं ठरायला दोघांतला एक जण खरा असला तरी पुरे. पहिला तर खोटारडा आहेच, म्हणून दुसरा खरा. बघा, खोटारड्यानंच आपल्याला खरा माणूस दाखवून दिला. त्याचं वाक्य फक्त नीट उलटवता आलं पाहिजे.

आता तुमच्यासाठी एक. त्याच बेटावर आणखी दोघे भेटले. पहिला म्हणतो, "आम्हा दोघांत निदान एक तरी खोटारडा आहे." दुसरा काहीच बोलत नाही. कोण कसा, ते शोधा. सुरुवात पहिल्याला खोटारडा धरून करा. नमस्कार.