मऊ कवळी आणि बांगड्याचा काटा

(मालवणजवळच्या एका गावात ज्येष्ठ मंडळींसमोर केलेलं बोलणं, थोडं नीट करून.)

नमस्कार मंडळी. मी डॉक्टर नाही, प्राथमिक शाळेत शिकवायचे, आणि गेली सहा वर्षं तोंडात फ्लेक्सिबल, म्हणजे मऊ, वाकणारी कवळी घालते म्हणून मला इथे उभं केलंय. पण जे सांगणार आहे ते माझ्या डेंटिस्टांना खोदून खोदून विचारून घेतलंय, कारण आपल्याकडे कवळी कुठली करायची हे लोक शेजारच्याला विचारून ठरवतात, त्याला बरी पडली ना मग मलाही तीच, आणि तोंड मात्र प्रत्येकाचं वेगळं असतं.

माझ्या खालच्या डाव्या बाजूच्या शेवटच्या दाढा गेल्या. आधी साधी ॲक्रिलिकची, म्हणजे कडक प्लॅस्टिकची केलेली, तारेचे आकडे असलेली. ती धुताना हातातून निसटली, मोरीच्या कडप्प्यावर पडली आणि दोन तुकडे झाले. मग फ्लेक्सिबल केली. ही असते नायलॉनची. तेच नायलॉन, ज्याची आपली जाळी असतात, गरीची तंगूस असते, त्याच घराण्यातलं. 1935 साली अमेरिकेत ड्युपाँट कंपनीत वॉलेस कॅरोदर्स यांनी नायलॉन तयार केलं आणि 1950च्या दशकात तिकडेच त्याच्या कवळ्या निघायला लागल्या. लॅबमध्ये ते तापवून पातळ करतात आणि प्रेशरने साच्यात भरतात.

पहिल्या दिवशी घातली आणि मला खरंच रडू आलं, इतकी हलकी. तार नाही, हिरडीच्याच रंगाचे आकडे शेजारच्या दातांना धरतात, हसलं तरी कोणाला कळत नाही. पडली तर सहसा फुटत नाही. ब्रिजसाठी, म्हणजे शेजारच्या दातांवर पक्के बसवलेल्या दातांसाठी, ते चांगले दात घासावे लागतात तसं काही करावं लागत नाही. ज्यांना ॲक्रिलिकची किंवा तारेतल्या निकेलची ॲलर्जी आहे त्यांच्यासाठी तर ही मोठीच सोय. साध्या कवळीपेक्षा महाग पडते, पण मला त्याचं काही वाटलं नाही.

आता दुसरी बाजू, आणि हीच सांगायला मी आलेय. तिसऱ्या वर्षी तांदळाची भाकरी खाताना, म्हणजे बघा किती मऊ वस्तू, कवळीतला एक दात सुटून हातात आला. मी तो उजेडात धरून बघितला तर बुडाशी बारीक भोक पाडलेलं, आणि कवळीत त्या जागी नायलॉनचा इवलासा खुंटा, तो झिजलेला. तेव्हा कळलं की नायलॉन आणि दात एकमेकांना चिकटतच नाहीत, त्या भोकात नायलॉन घुसून बसतं, तेवढ्याच पकडीवर दात उभा असतो. ॲक्रिलिकमध्ये दात आणि कवळी एकजीव होतात, त्यामुळे मोडली तरी दवाखान्यातच बऱ्याचदा जोडून मिळते. माझी लॅबला पाठवावी लागली, पंधरा दिवस एका बाजूने जेवले. कवळी करताना हे मला कोणी सांगितलं नव्हतं, त्याचा मला आजही राग आहे.

आणि त्याहून मोठी गोष्ट. दाढ गेली की खालचं हाड हळूहळू झिजत जातं, ते कोणतीही कवळी घातली तरी व्हायचंच. पण कोबाल्ट-क्रोमियमच्या धातूची ओतीव कवळी, जिला कास्ट पार्शल म्हणतात, ती असते तिला छोटे टेकू असतात, ते शेजारच्या दातांच्या माथ्यावर बसतात, म्हणजे चावण्याचा बराच भार दातांवर जातो. नेहमीच्या फ्लेक्सिबलला असे टेकू नसतात, ती सगळी हिरडीवर बसते, चावताना वाकते, आणि माझ्यासारखी मागे आधाराला दाढच नसेल तर मागचं टोक जास्त दबतं. दुखत नाही हो, म्हणून तर लक्षात येत नाही! कडक कवळी टोचली की माणूस लगेच दवाखाना गाठतो, ही टोचत नाही, म्हणून मी दोन वर्षं दाखवायलाच गेले नाही, आणि गेले तेव्हा कवळी आणि हिरडीच्या मधे चांगलीच फट पडलेली, भाताची शितं अडकायची. आत अस्तर भरून ती फट बुजवणं ॲक्रिलिकला सोपं, नायलॉनला अवघड. म्हणून दर सहा महिन्यांनी दाखवायचं, काही होत नसलं तरी.

साफ करताना टूथपेस्ट लावू नका, चरे पडतात, आणि त्या चऱ्यांत चहा, हळद, मिश्री सगळं धरून राहतं. मऊ ब्रश, साधा सौम्य साबण. उकळतं पाणी नको. घट्ट वाटली तर मी वाटीभर गरम पाण्यात मिनिटभर ठेवते, मग ती सहज बसते. आणि ज्या दातांना कवळी धरते ते दात जास्त घासा, तिथेच कीड आधी लागते.

आता मासे. ज्यांची वरची कवळी टाळूवर पसरलेली असते त्यांना काटा नीट कळत नाही, टाळूनेही तर आपण काटा ओळखतो. सुरमईचं ठीक आहे, पण बांगडा, पेडवे खाताना बोटांनी चाचपून घास घ्यायचा. माझ्या सासूबाई सांगायच्या, "काटो बघून खा गो," ते मी आता रोज करते.

मघाशी एका काकांनी विचारलं, इतकी मऊ आहे तर रात्री घालून झोपलं तर काय बिघडतं. बिघडतं काका. हिरडीला हवा लागत नाही, बुरशी धरते, लाल होऊन आग होते. आणि छोटी कवळी झोपेत गिळली गेली तर नायलॉन एक्स-रेत नीट दिसतसुद्धा नाही, डॉक्टरांना शोधत बसावं लागतं. झाकणाची डबी घ्या, त्यात साधं पाणी, आणि ती देवघराच्या फळीवर नाहीतर कुठेतरी उंच ठेवा, आपल्याकडे मांजरं फार.