ऑपरेशनआधीचे सहा आठवडे

(वेचणीच्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावी झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

मंडळी, वावरात सीतादही, म्हणजे वेचणीआधीची पूजा, झाली की कापसाची वेचणी लागते आणि तिच्या मागोमाग कंबरेची दुखणी येतात. कापूस टाकायची कंबरेची झोळी, म्हणजे ओटी, भरत जाते तसा भार पोटापुढे लोंबतो, आणि वाकलेल्या अंगाचा सगळा ताण कंबरेच्या शेवटच्या दोन गाद्यांवर पडतो. एक चौथ्या-पाचव्या मणक्यामधली, दुसरी पाचव्याच्या खालची. नस दबते ती बहुतेक वेळा इथंच. मग कळ ढुंगणातून मांडीमागून पोटरीपर्यंत उतरते. हीच सायटिका.

पुढं एमआरआय होतो, कागदावर ‘डिस्क बल्ज’ लिहून येतं आणि घर हादरतं. 2015 साली एका मोठ्या आढाव्यात कंबर अजिबात न दुखणाऱ्या लोकांच्या तपासण्या पाहिल्या गेल्या. विशीतल्या 30 टक्के आणि पन्नाशीतल्या 60 टक्के लोकांची गादी फुगलेली निघाली! तेव्हा निव्वळ फोटो पाहून ऑपरेशन ठरत नाही. पायात जोर किती, बधिरपणा कुठं, कळ कुठवर जाते, हे हातानं तपासावं लागतं.

बाहेर आलेला गादीचा तुकडा पुष्कळदा शरीरच हळूहळू जिरवतं. नेदरलँड्समधला 2007 चा अभ्यास पाहा. सहा ते बारा आठवडे सायटिका असलेले 283 रुग्ण होते. लवकर ऑपरेशन केलेल्यांना आराम लवकर पडला, पण वर्षाअखेर दोन्ही गटांत 95 टक्के लोक बरे होते. थांबलेल्यांपैकी 39 टक्क्यांना मात्र पुढं ऑपरेशन लागलंच, हेही सांगायला हवं.

ऑपरेशनआधी थांबायचे हे सहा आठवडे निभावायला कायरोप्रॅक्टिक, म्हणजे मणक्यांवर हातानं करायचे उपचार, कामी येतं. 1895 साली अमेरिकेतल्या डेव्हनपोर्ट गावी ही पद्धत सुरू झाली. रुग्णाला कुशीवर निजवतात, वरचा गुडघा दुमडतात, सांधा जिथवर सहज वळतो तिथवर नेतात आणि तिथून छोटासा, झटपट धक्का देतात. ‘कट्’ असा आवाज येतो तो सांध्यातल्या पाण्यात वायूचा बुडबुडा झाल्याचा. हाड जाग्यावर बसल्याची ती खूण नाही, आणि सरकलेली गादी अशा धक्क्यानं आत जात नाही. कोणी तसं सांगत असेल तर उठून या. फायदा होतो तो असा : आखडलेले स्नायू सैल पडतात, दुखणं काही काळ उतरतं आणि माणूस चालू लागतो. ब्रिटनच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचनांतही हातानं करायचे हे उपचार व्यायामाच्या जोडीनंच सांगितले आहेत. तीन-चार आठवड्यांत फरक नसेल तर पैसे घालवत बसू नका.

आपल्याकडं लचक भरली की पायाळू माणसाचा पाय पाठीला लावून घेतात. नुसता स्पर्श असेल तर ठीक, लाथ नको. भारतात कायरोप्रॅक्टिकची वेगळी नोंदणी परिषद नाही, म्हणून शिक्षण कुठं झालं ते विचारा. फिजिओथेरपिस्टची नोंदणी राज्यात होते, ती पाहा.

कोणाच्या पाठीला धक्का द्यायचाच नाही? हाडं ठिसूळ झालेली म्हातारी माणसं, झाडावरून वा बैलगाडीवरून पडलेले, कॅन्सर होऊन गेलेले, बारीक ताप, उतरतं वजन आणि रात्री वाढणारं दुखणं असलेले. यातले काही मणक्याच्या टीबीचे निघतात. तिथं धक्का दिला तर मणकाच ढासळू शकतो. मानेला झटका तर कुणीच घेऊ नये. रक्तवाहिनी फाटून लकव्याचा धोका असतो.

घरी काय करायचं? दोन दिवसांपेक्षा जास्त अंथरुणावर पडू नका. झोळ पडलेली बाज सोडा, सतरंजीवर निजा. दिवसातून चार-पाच वेळा दहा-दहा मिनिटं चाला. पालथं दोन मिनिटं पडा, मग कोपरांवर छाती उचला, मग तळहातांवर. कंबर सैल ठेवून दहा वेळा. पायातली कळ वर सरकून कंबरेत आली तर व्यायाम लागू पडतोय, भले कंबर थोडी जास्त दुखो. कळ खाली उतरली तर लगेच थांबा.

वावरात 16 लिटरचा फवारणी पंप निम्माच भरा आणि जमिनीवरून न उचलता बांधावर ठेवून पाठीवर घ्या. युरियाचं 45 किलोचं पोतं दोघांनी धरा. निंदताना एक गुडघा टेकवा, वीस मिनिटांनी उभं राहून मागं वाका. बायामाणसांना थांबायला कोणी सांगत नाही, म्हणून मुकादमालाच हे सांगून ठेवा. ओटीही अर्धी झाली की रिकामी करा.

पाऊल वर उचलेनासं झालं, चप्पल पायातून गळू लागली, तर सहा आठवडे थांबायचं नाही. दोन दिवसांत सर्जनला दाखवा. आणि लघवी अडली, नकळत होऊ लागली, किंवा मांड्यांच्या मधली बसायची जागा बधिर झाली, तर ती नसांच्या झुपक्यावर दाब आल्याची खूण आहे. तिथं मालीश नाही, धक्का नाही. 108 ला फोन लावा आणि नागपूर, सेवाग्राम किंवा यवतमाळचं मोठं रुग्णालय गाठा. रात्र असली तरी त्याच रात्री निघा, सकाळच्या एसटीची वाट पाहू नका.