आधी सांगा, छपराखाली काय आहे?

(पेठेतल्या वाचनालयात घर बांधणाऱ्यांसाठी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

हल्ली साइटवर पाय ठेवला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "साहेब, पत्रा टाकू का शिंगल्स?" मी उलट विचारतो, "खाली काय आहे?" परवा एकजण म्हणाले, "खाली आम्हीच राहणार की!"

हसू नका. गोंधळ तिथंच आहे. पत्रा एका पर्लिनवरून, म्हणजे कैच्यांवर आडव्या टाकलेल्या पट्टीवरून, दुसऱ्या पर्लिनवर स्वतःच्या ताकदीवर तोलून राहतो. त्याला लोखंडी कैच्या आणि पर्लिन एवढं पुरतं. शिंगल तसं नाही. फायबरग्लासची जाळी, तिला डांबराचा लेप, वर दगडी कण. हे बघा, एका टोकाला धरलं की जाड पोळीसारखं लोंबतंय. त्याला खाली सलग पाट लागतो. अमेरिकेत घरंच लाकडी, त्यामुळं प्लायवूडचा थर ठोकून त्यावर शिंगल ठोकणं तिथं सोयीचं. आपल्याकडं तो पाट म्हणजे बहुतेक वेळा उतरता स्लॅब. म्हणजे पावसाला अडवायचं काम आधी स्लॅबनंच करायचं, शिंगल हे त्याच्यावरचं कातडं. फक्त पत्र्याचा दर आणि शिंगलचा दर शेजारी मांडून कुणी हिशेब सांगितला, तर तो अर्धाच हिशेब आहे.

वजनाचं म्हणाल तर हजार चौरस फुटांना अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा साडेचारशे किलोच्या आसपास, शिंगल एक टन, मंगलोरी कौल चार टन. म्हणून जुनी कौलं काढून त्याच भिंतींवर पत्रा टाकणाऱ्याला मी अडवत नाही. पण हलकं छप्पर वाऱ्याला आवडतं. वाड्या-वस्त्यांवर पत्र्यावर दगड ठेवलेले दिसतात ना, ते उगाच नाहीत. वारा पत्रा दाबत नाही, वर ओढतो, आणि सगळ्यात जास्त ओढ कडेला आणि कोपऱ्यांना. वळवाच्या पहिल्या झोताला वळचणीचा पत्रा आधी उचकटतो तो म्हणूनच. तिथं स्क्रू जवळजवळ घ्यायचे.

आता पाऊस. आपला कोल्हापूर जिल्हा विचित्र आहे. गगनबावड्याला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर कोसळतो आणि तिकडं शिरोळला पाचशे-सहाशेवर भागतं. मधल्या कोल्हापुरातून दोन्हीकडं तासा-दीड तासात पोचता येतं, पण दोन्हीकडं एकच छप्पर चालत नाही. शिंगलला उतार लागतो, साधारण तीन फुटांना एक फूट. त्याहून कमी असेल तर शिंगलखाली पाणी अडवणारा दुहेरी पडदा घालावा लागतो, कारण वाऱ्यानं पाणी उलटं चढतं. शिंगलच्या पाठीला एक डांबरी पट्टी असते, ती उन्हानं तापून खालच्या थराला चिकटते. फेब्रुवारी-मार्चमध्ये लावलं तर मे महिना ते काम फुकटात करून देतो. जूनच्या तोंडावर लावलेलं शिंगल नुसत्या खिळ्यांवर पावसाळा काढतं. गगनबावड्याकडं आणखी एक, शेवाळ. सावलीतल्या पाख्यावर काळे ओघळ येतातच. आढ्यावर जस्ताची पट्टी लावली तर तिच्यावरून ओघळणारं पाणी शेवाळाला बरंच रोखतं.

पत्र्याबद्दल मात्र माझी स्वतःची एक फजिती सांगतो. सुरुवातीच्या काळातलं काम, पाचगावच्या बाजूला. चांगला, ॲल्युमिनियम-जस्ताचा मुलामा असलेला पत्रा आणला होता. या मुलाम्यात 55 टक्के ॲल्युमिनियम, बाकी बहुतेक जस्त. फॅब्रिकेटरनं पत्रा छपरावरच ग्राइंडरनं कापला. मी खाली उभा राहून चहा पीत ठिणग्या बघत होतो, चांगलं दिसत होतं. ऑगस्टमध्ये मालकांनी वर नेऊन दाखवलं. अख्ख्या पाख्यावर तांबडे ठिपके, जणू कुणी तिखट उधळलंय. ठिणगी म्हणजे तापलेला लोखंडाचा कण. तो रंगावर चिकटतो आणि गंजतो. कापलेल्या कडेचा मुलामा तर जळूनच गेलेला. तेव्हापासून पत्रा मापानंच मागवायचा, कापायचाच झाला तर खाली, कातरीनं.

दुकानात गेलात की दोन गोष्टी विचारा. मुलामा किती? 150 म्हणजे दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला 150 ग्रॅम. आणि अर्धा मिलिमीटर म्हणजे मुलामा-रंग धरून की निव्वळ लोखंड? या दुसऱ्या प्रश्नाला दुकानदार जरा घसा खाकरतो.

पत्रा गळतो तो बहुतेक वेळा स्क्रूपाशी. सहा मीटरचा पत्रा चाळीस अंशांनी तापला तर जवळपास तीन मिलिमीटर लांबतो. रोज लांबायचा, रोज आखडायचा. भोक हळूहळू मोठं होतं, रबरी वॉशर उन्हानं कडक होतो. स्क्रू जास्त आवळला तर वॉशर पहिल्याच दिवशी चेंबतो, कमी आवळला तर बसतच नाही. दहा-बारा वर्षांनी वॉशर बघून बदलावेत, एवढंच पत्र्याचं म्हणणं. आणि इथं कोल्हापूरकरांची चैन आहे. उद्यमनगरात, आपल्या कारखान्यांच्या वस्तीत, हाक मारली की पत्र्याचा माणूस दुपारपर्यंत छपरावर. शिंगलचे दोन तुकडे पाच वर्षांनी त्याच रंगाचे मिळवून दाखवा!

आवाज आणि उकाडा याबद्दल लोक फार घाबरतात. उघडा पत्रा तापतो, वाजतो, खरं आहे. पण खाली ग्लासवूल आणि त्याखाली सीलिंग घातलं की दोन्हींचा जोर मोडतो. शिवाय संध्याकाळी पत्रा लगेच निवतो, स्लॅब रात्री बारापर्यंत तुम्हाला शेकत बसतो, वर शिंगल असलं तरी.

माझं मत विचाराल तर उतरता स्लॅब पडलाच असेल तर शिंगल खुशाल लावा, देखणं दिसतं. शिंगलसाठी म्हणून स्लॅब ओतू नका.

मागच्या रांगेतल्या काकांनी विचारलंय, गगनबावड्याकडं मातीच्या भिंतीचं जुनं घर आहे, कौलं माकडं फोडतात, काय करू? काका, पत्रा. वळचण भिंतीपासून अडीच-तीन फूट बाहेर काढा, तिच्याखाली आधाराला तीर द्या. आणि धड निघालेली कौलं विकू नका, शेजाऱ्याच्या छपरावर माकडं अजून आहेतच.