उपाशीपोटी कुठली?

(दृश्य: दांडिया बाजार, सकाळ. मेडिकलचं शटर वर जातं.)

बडोद्यातल्या या काउंटरवर एक आजी पिशवीतल्या गोळ्या पुढे करतात. "यातली उपाशीपोटी कुठली रे?"

"थायरॉइडची, आजी. उठल्यावर नुसत्या पाण्याबरोबर. चहा अर्ध्या तासानं. आणि ही कॅल्शियमची तिच्यासोबत नको, चार तास जाऊ द्या."

एवढं सांगायला रसायनशास्त्र यावं लागतं. आणि आजींची भाषाही.

(दृश्य: कलाभवन)

सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन ही तंत्रशिक्षणाची शाळा काढली आणि ती रसायनशास्त्राचे प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांच्याकडे सोपवली. तंत्रशिक्षण मातृभाषेतून द्यायचं, हा गज्जरांचा आग्रह. कारागिराच्या मुलाला इंग्रजी येत नाही म्हणून रसायन त्याच्यापासून दूर का राहावं? पुढे १९०७ मध्ये गज्जर, कोटिभास्कर आणि भाईलालभाई अमीन यांनी अलेम्बिक ही औषध कंपनी उभी केली. सुरुवात अल्कोहोल आणि टिंक्चरपासून झाली. १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ झालं; हंसाबेन मेहता पहिल्या कुलगुरू.

औषध कारखान्यांच्या या गावात फार्मसी म्हणजे गोळी बनवणं, हे समीकरण साहजिकच पक्कं झालं. गोळी घेणारा माणूस अभ्यासक्रमात फार उशिरा आला. सहा वर्षांचा फार्म.डी. (डॉक्टर ऑफ फार्मसी) २००८ मध्ये सुरू झाला, तेव्हा विद्यार्थी वॉर्डात उभा राहिला. रुग्णाला औषध समजावून सांगणं हे फार्मासिस्टचं कर्तव्य असल्याचं २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनी लिहून ठेवलं. प्राण्यांवरचे प्रयोगही आता बी.फार्म.च्या मुलांना संगणकावर दाखवतात.

पण नियम छापून आला म्हणून कॉलेजातला तास बदलत नाही. तो बदलतो विभागप्रमुखाच्या टेबलावर. डॉक्टरांच्या फेरीत आपल्या मुलांना उभं राहू द्या, हे सांगायला हॉस्पिटलच्या अधीक्षकांकडे कुणीतरी स्वतः जावं लागतं. वेळापत्रकातून जुना तास काढताना सहकाऱ्यांची नाराजी झेलावी लागते. आणि आम्हाला मनापासून वाटतं, तोंडी परीक्षेत एक प्रश्न असावाच: हेच आता मराठीत सांग, गुजरातीत सांग.

(दृश्य: प्रयोगशाळा. विद्यार्थिनीच्या हातात इन्हेलर, समोर एक काका.)

दम्याची ही कॅप्सूल कितीतरी जण पाण्याबरोबर गिळून टाकतात.

"काका, गिळायची नाही. या यंत्रात ठेवायची, यंत्र फिरवायचं, आतली पूड तोंडानं जोरात ओढायची. आता तुम्ही करून दाखवा."